ओरखडा मेणाने झाकत नाही

वारकरी मायबापहो, पंढरीच्या वाटेने चालणाऱ्याला दृष्टांत शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. आमच्या संतांनी तरी कोठे लांबचे दृष्टांत शोधले? गोरोबाकाकांना परमार्थ चाकावरच्या मातीत सापडला, सावतोबांना मळ्यात सापडला, नरहरी महाराजांना सोनाराच्या दुकानात सापडला. आम्हां पामरांना यंदा सांगावासा वाटणारा दृष्टांत एका कातारीमामांच्या दुकानात, लाकडाच्या भुशात बसून मिळाला. तो जसा मिळाला तसा आपल्या चरणी ठेवतो.

गोष्ट २०२३ च्या ज्येष्ठातली. वारी तोंडावर आली होती आणि आमच्या दिंडीच्या वीणेची एक खुंटी झिजून ढिली झाली होती. सूर लावावा, दहा पावले चालावे, की तार उतरलीच. वीणेकरी बुवा वैतागले. म्हणून ती खुंटी खिशात घालून आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. तेथे एक वृद्ध कातारी आहेत. पाळण्याचे दांडे, लाटणी, पोळपाट, देव्हाऱ्याचे खांब असे कातीव काम करतात. लाकूड कातण्याच्या यंत्राला जुनी माणसे सांगाडा म्हणत, हल्ली सगळे लेथच म्हणतात. मामांच्या वडिलांच्या वेळी दोरीने फिरे, आता विजेवर फिरते, एवढाच फरक.

आम्ही म्हटले, “मामा, तासाभरात होईल ना? आम्हांला परत जायचे आहे, रात्री कीर्तन आहे.”

मामा म्हणाले, “बुवा, कातायला घटकाभर बी लागत न्हाई. घासायला लागतो येळ. बसा.”

शिसवाचा तुकडा यंत्रावर चढला. पटाशी लागली आणि कीस उडू लागला. खरोखरच थोड्या वेळात खुंटीचा आकार दिसू लागला. आम्हांला वाटले, झाले काम. पण खरे काम तेथून पुढे होते. मामांनी काचकागद घेतला. या कागदाला नंबर असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ८० नंबरचा जाड, १२० चा त्याहून बारीक, मग १८०, २२०, ३२०, ४०० असा चढता क्रम. नंबर जितका मोठा तितकी कागदावरची खर बारीक. मामा एकेक कागद क्रमाने घेत, घासत, भुसा पुसून काढत, मग पुढचा घेत. मध्येच यंत्र थांबवीत आणि थांबलेल्या लाकडावर शिरांच्या दिशेने उभा हात फिरवीत. कारण लाकूड फिरत असता घासले तर त्याच्या अंगावर गोल गोल रेघा राहतात, आणि त्या यंत्र चालू असताना डोळ्याला दिसत नाहीत. मग खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून पाहत. पुन्हा यंत्र चालू.

एकदा त्यांनी ओले फडके त्या लाकडावरून फिरवले आणि वाळू दिले. आम्ही विचारले, “आता हे कशाला? गुळगुळीत तर झाले.” मामा म्हणाले, “हात लावून बघा.” हात लावला तो काय, गुळगुळीत झालेले लाकूड पुन्हा खरखरीत! पाणी लागताच दबलेली बारीक कूस उठून उभी राहिली होती. “ही आत्ता उठली ती बरी. मेण लावल्यावर उठली असती तर काय केलं असतं?” असे म्हणून त्यांनी ती कूस बारीक कागदाने अलगद उतरवली.

इतक्यात मामांचा नातू आपले काम दाखवायला आला. पाळण्याचा एक दांडा त्याने केला होता. पोरगा हुशार, पण घाईचा. त्याने ८० नंबरचा कागद मारला, तेथून एकदम ३२० वर उडी घेतली आणि वरून मेण लावून कापडी चाकावर चमकवून आणला. लांबून दांडा असा झळकत होता की आम्ही म्हटले, “वा, शाब्बास!” मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दांडा उजेडात तिरपा धरला. वरपासून खालपर्यंत गोल ओरखडेच ओरखडे! मेण लावण्याआधी ते जेवढे दिसले नसतील, तेवढे आता चकाकीत उठून दिसत होते.

तेव्हा मामा नातवाला जे बोलले, तेच आजच्या निरूपणाचे वचन समजा. ते म्हणाले, “बाळा, ओरखडा मेणानं झाकत न्हाई. मेणानं तो उजळतो.”

पोराने लगेच काचकागद उचलला. मामांनी हात धरला. “असा न्हाई. मेणावर कागद चालत न्हाई, मेण कागदात भरतं आणि कागद वाया जातो. आधी टर्पेंटाइननं मेण उतरव. चकाकी गेली तर जाऊ दे. मग पुन्हा खालच्या नंबरापासून ये.”

मायबापहो, मामा नातवाला सांगत होते. पण ते बोलणे आम्हांला लागले. का लागले, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आमची आणि आमच्या धाकट्या भावाची विहीर सामाईक आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. २०१९ च्या फाल्गुन-चैत्रात पाण्याचा फार ताण होता. वीज रात्रीची. एका रात्री त्याची पाळी असता मोटर आमच्या रानात चालू राहिली. सकाळी विहिरीत पाणी नव्हते. त्याचा उन्हाळी कांदा पोसण्याच्या ऐन वेळी तहानला आणि गेला. गावात बोलवा उठली की, गडी विसरला. आम्ही ती बोलवा तशीच राहू दिली. गडी विसरला नव्हता. मोटर आम्ही जाणून चालू ठेवली होती. तेव्हापासून भावाभावांत बोलणे बंद. आणि त्या चार वर्षांत आम्ही किती कीर्तने केली! सत्यावर केली, भूतदयेवर केली, बंधुप्रेमावरसुद्धा केली. कपाळी गंध, बुक्का, गळ्यात माळ, अंगावर पांढरा सदरा; लोक पायावर डोके ठेवीत. मंडपाच्या कडेला कधीकधी आमचा भाऊ उभा असे. थोडे ऐके आणि निघून जाई. आम्ही मनाशी म्हणत असू, याला परमार्थाची गोडी नाही.

त्या दुकानात, त्या उजेडात धरलेल्या दांड्याकडे पाहताना कळले की, त्याला गोडी नव्हती असे नव्हे. त्याला आमच्या चकाकीतले ओरखडे दिसत होते. परक्याला लांबून चमक दिसते. जो जवळचा असतो, तो तिरप्या उजेडात पाहत असतो.

आता दृष्टांतावरून सिद्धांताकडे येऊ.

पहिली गोष्ट ही की, चकाकी वरून आणून लावता येत नाही. ज्याला आपण लाकडाची चकाकी म्हणतो, ती म्हणजे सपाट झालेल्या अंगावरून उजेड सरळ परत येणे. अंग खडबडीत असले की उजेड विखुरतो, आणि लाकूड निस्तेज दिसते. म्हणजे उजेड सगळ्यांवर सारखाच पडतो. कमीजास्त असते ते आपल्या अंगाचे खडबडीतपण. पांडुरंगाची कृपाही अशीच समजा. विटेवरून तो कोणाकडे कमी आणि कोणाकडे जास्त पाहत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. ८० नंबरच्या कागदाने जे खोल ओरखडे पडतात ते १२० ने काढायचे, १२० चे १८० ने. मध्ये एक गाळला की खोल ओरखडा तसाच राहतो, आणि बारीक कागद फक्त त्याच्या कडा चमकवतो. आणि येथे एक मोठे मर्म आहे, बरे का! काचकागद लाकूड स्वच्छ करतो खरा, पण तो स्वतःही ओरखडेच पाडतो. साधनाचेही तसेच आहे. उपवास केला, जिभेचे चोचले गेले. पण ‘मी उपवासी’ हा उपवासाचा ओरखडा राहिला. दान केले, लोभ घासला गेला; दातेपणाचा ओरखडा राहिला. कीर्तन केले, आळस गेला. ‘बुवा’पणाचा ओरखडा राहिला. म्हणून एका साधनावर थांबू नये. जाड दोष जाड साधनाने काढावा, आणि त्या साधनाने पाडलेली रेघ त्याहून सूक्ष्म साधनाने काढावी. शेवटी मामा काय करीत होते ठाऊक आहे? त्याच लाकडाचा खाली पडलेला कीस मूठभर उचलून फिरत्या खुंटीवर धरीत होते. ज्या लाकडाचे अंग झडले, त्याच झडलेल्या अंगाने लाकूड उजळत होते. आपल्यातून जे सुटले, जे गमावले, त्याची आठवण नम्रपणे जवळ धरली तर तीच आपल्याला गुळगुळीत करते.

तिसरी गोष्ट, अधूनमधून यंत्र थांबवून पाहण्याची. फिरत असता रेघा दिसत नाहीत. संसार अखंड फिरतो, आणि खरे सांगायचे तर सप्ताह, पारायण, दिंडी यांचेही चाक आम्ही असेच फिरते ठेवतो. एकादशीच्या दिवशी तरी थांबावे आणि आपले आपण उजेडात धरून पाहावे.

येथे कोणी शंका घेईल, “बुवा, मग गंध, बुक्का, माळ हे सगळे फुकाचे मेणच म्हणायचे काय? अंतर शुद्ध झाले की पुरे.” तसे नव्हे. मेण फुकाचे नाही. मामांनी नीट घासलेल्या खुंटीला शेवटी मेण लावलेच. बिनमेणाच्या लाकडात हाताचा घाम मुरतो, धूळ बसते, आणि चार दिवसांत ते मळकट होते. बाह्य चिन्हे साधकाला तसेच राखतात. गळ्यात माळ असली की हात ताटातल्या नको त्या वस्तूकडे जात नाही, जीभ नको ते बोलताना अडखळते. मेण राखणदार आहे. मात्र त्याला घासणाऱ्याचे काम सांगू नये, आणि झाकणाऱ्याचे तर मुळीच सांगू नये.

दुसरी शंका याहून बिकट आहे. “आधी सगळे ओरखडे काढायचे आणि मग पंढरीस जायचे, असे म्हटले तर कोण जाणार? आम्ही तर सालीसकट लाकूड!” अहो, सालीसकट लाकूडच तर लेथवर चढते! घासून झालेल्या लाकडाचे लेथवर काय काम? वारी हा देवाचा सांगाडाच आहे. तेथे मिरवायला जाऊ नये, घासून घ्यायला जावे. उन्हात चालणे, पावसात राहुटीत दाटीने झोपणे, मिळेल ते खाणे, ज्याच्याशी पटत नाही त्याच्या शेजारी उभे राहून टाळ वाजवणे, हे सगळे निरनिराळ्या नंबरांचे कागद आहेत.

आता मेण लावण्याची रीत ऐका, कारण त्यात नामाचे वर्म आहे. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ब्राझीलमध्ये एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर कार्नोबा नावाचे मेण धरते. ते कठीण असते, ८२ ते ८६ अंशांना वितळते, आणि त्याची चकाकी अधिक टिकते. मामा दोन्ही वापरतात. पण चूल पेटवून काही ते वितळवीत नाहीत. फिरत्या लाकडाला मेणाची कांडी टेकवायची, मग फडक्याचा लहान तुकडा धरायचा. घासण्याचीच ऊब मेणाला पातळ करून अंगभर पसरवते. आपल्या सावंतवाडीला आणि म्हैसूरच्या वाटेवरील चन्नपट्टणला लाखेची खेळणी करतात, तेथेही हीच रीत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा जी लाख करतो, तिची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, ती घर्षणाने वितळते, आणि वरून केवड्याचे पान धरले की आरशासारखे तेज येते. बाहेरचा विस्तव लागत नाही. नामाचेही असेच. एकदा तोंडाने म्हटले आणि सोडले तर कांडी टेकवल्यासारखे होते, मेण गोळ्यागोळ्यांनी बसते. तेच नाम पुन्हा पुन्हा घोळले, की त्या घोळण्याचीच ऊब धरते आणि नाम अंगात पसरते.

दाब मात्र बेताचा हवा. फार दाबले तर ऊब जळण्यापर्यंत जाते आणि लाकूड करपते. आणि फडके कधीही बोटाला गुंडाळू नये, असे मामांनी नातवाला दरडावून सांगितले. यंत्राने फडके ओढले तर बोटही जाते. सैल धरावे, म्हणजे सुटून जाईल. ज्याने ज्याने मठ, दिंडी, गादी, मान हे बोटाला गुंडाळून घेतले आहे, त्याने एवढे वाक्य मनात ठेवावे.

आणि मेण एकदा लावले की जन्माचे काम झाले, असे नाही. हाताळता हाताळता ते झिजते. पुन्हा पुसावे, पुन्हा लावावे. म्हणून वारी दर वर्षी. २०२० आणि २०२१ या दोन साली साथीमुळे पायी सोहळा झाला नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या, आणि आपण घरी राहिलो. त्या दोन वर्षांत आपले मेण किती झिजले होते, ते २०२२ साली पुन्हा वाटेला लागलो तेव्हा ज्याचे त्याला कळले असेल.

खुंटी तयार झाली. डोके असे की काळ्या पाण्यात उजेड पडावा. आम्ही म्हटले, “मामा, खालच्या निमुळत्या भागालाही जरा मेण लावा, सगळी सारखी दिसेल.” मामा हसले. “बुवा, तो भाग वीणेच्या आत बसायचा. तिथं मेण लावलं तर घसरंल, सूर राहणार न्हाई. तिथं खडू लावा.” पाहा! जो भाग लोकांना दिसतो त्याला चकाकी चालते. जो भाग आत जाऊन तार धरून ठेवतो, तेथे गुळगुळीतपणा कामाचा नाही, तेथे धरून ठेवणारी निष्ठा पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षे बोलण्यात गुळगुळीत झालो होतो आणि आतही मेणच लावले होते. म्हणून सूर टिकत नव्हता.

त्या रात्री कीर्तन झाले. कसे झाले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही भावाच्या ओट्यावर गेलो. चकाकी उतरवल्यावाचून कागद चालत नाही, हे मनात धरून गेलो होतो. तो गाईला वैरण टाकत होता. आम्ही उभ्याउभ्याच म्हटले, “त्या रात्री गडी विसरला नव्हता. मोटर मीच चालू ठेवली होती.”

तो बराच वेळ वैरणच सारखी करीत राहिला. मग म्हणाला, “ठाऊक आहे मला, अण्णा. गड्यानं तेव्हाच सांगितलं होतं. कांदा गेला त्याचं एवढं वाटलं नाही. तू कीर्तनात खरं बोला म्हणायचास ना, तेव्हा उभं राहवत नव्हतं.”

भावजयीने चहा आणून ठेवला. कोणी गळ्यात पडले नाही. कांद्याचे पैसे आम्ही नेले होते. ते त्याने मोजून घेतले. नको म्हणाला असता तर आमचा मोठेपणा पुन्हा चकाकला असता. त्याने मोजून घेतले, हे फार बरे झाले. मग गड्यावर घेतलेला आळ आम्ही गावच्या पारावर चार लोकांसमोर उतरवला. ते भावापुढे बोलण्याहून जड गेले. त्या साली भाऊ वारीला आला नाही. त्यानंतर मात्र विहिरीच्या पाळीची वही आम्ही दोघे मिळून लिहितो. एवढेच झाले आहे. ८० नंबरचा कागद लागला म्हणायचा, ४०० अजून लांब आहे.

मायबापहो, आपल्या गळ्यातली माळ हातात घेऊन पाहा. पंढरपुरात तुळशीच्या काष्ठाचे मणी करून माळा ओवणारी घरे आहेत. नवी माळ हाताला खरखरीत लागते. तीच माळ वीस वर्षे बोटांतून फिरली की तिला अशी झाक येते की कोणत्या कापडी चाकाने येणार नाही. ती झाक कोणी लावत नाही. रोजच्या घोळण्याने ती आपोआप येते, आणि तिच्याखाली ओरखडा राहिलेला नसतो. तशी झाक आपल्या चित्ताला यावी. आणि ज्याच्या चित्तावर कोठे मेणाखाली ओरखडा राहिला असेल, त्याने येत्या वारीआधी एकदा ज्याचा त्याच्या दारात जाऊन यावे. चकाकी जाईल. जाऊ द्यावी.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.